दगडावर ठेवलेली पावडर

चावडीपुढं, अख्ख्या गावासमोर, उपसरपंचानं माझं मनगट पकडून हात वर केला.

"बघा ही नखं. हगवण आणायला एवढी बास झाली."

मग विटेचा तुकडा घेऊन माझी बोटं घासायला लागला. कातडं सोललं. रगत आलं. माणसं हसली. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई टेबलाशी कागद चाळत बसल्या व्हत्या.

माझी थोरली चार दिवसांपूर्वी गेली व्हती. हगवणीनं. सहा वर्षांची. धाकटी शाळेच्या वऱ्हांड्यात सलाइनवर. आमच्या बौद्धवस्तीत घरटी माणूस आडवा, वरच्या आळीत एक न्हाई. त्यांना टाकीचा नळ, आमाला विहीर. आन हा मला नखं दाखवतो! त्याच्याच वावरातली टमाटी तोडून काळी पडलेली नखं.

नर्सबाई बोलल्या, "आरोग्य म्हणजे स्वच्छता. तुमच्या विहिरीत टाकायला पावडर पाठवली होती. काय केलं तिचं?"

"गटारीला मारली या लोकांनी," उपसरपंच म्हणाला. "अक्कल नको?"

मारली व्हती. मीच मारली व्हती. पंचायतीचा शिपाई आमच्या हातात कधी काही देत न्हाई. वस्तीच्या तोंडाशी दगड हाय, त्यावर पुडा ठेवतो आन लांबूनच माघारी वळतो. जयंतीच्या आधी असाच पुडा यायचा, गटारीला मारायचा. तसाच हा मारला. पोर मीच मारली का काय?

मग डोक्यात जाळ झाला. वीट हिसकावली. त्याच्या टाळक्यात घालावी, हेच मनात व्हतं. खोटं कशाला सांगू? टेबलावर आपटली. नर्सबाई किंचाळल्या.

"पाण्यात टाकायची म्हणून सांगितलं कुणी? हातात दिली असती तर तोंडानं सांगावं लागलं असतं. विटाळ तुमी पाळला, पोर माझी गेली!"

त्यानं थोबाडीत मारली. मी पडले न्हाई. मीपण ठेवून दिली, रगताच्या हातानं. हसणारे मागं सरले.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीतली एकबी बाई टमाट्याला गेली न्हाई. वरच्या टाकीचा पाइप आमच्यात येईस्तोवर जायचं न्हाई, असं ठरलं. टमाटी सडली. पोलीस येऊन दम देऊन गेले. सडू द्या, आमी म्हणलं.

धाकटीचं सलाइन काढलं तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "घरी पाणी उकळून पाजा."

"बाई, माझ्या एकटीच्या चुलीवर सगळ्या वस्तीचा रोग उकळतोय व्हय? गावाचं आरोग्य म्हणता. त्या गावात आमाला धरता का, ते आधी सांगा."

त्यांनी रिकामी बाटली उचलली आन पुढच्या पोराकडं वळल्या.

पोरीला कडेवर घेतलं आन सरळ वरच्या आळीत गेले. टाकीचा नळ सोडला, ओंजळीनं तिला पाणी पाजलं. चारजण धावत आले. एकाच्या हातात काठी व्हती.

"मार," म्हणलं. "पण ही पोरगी आता त्या विहिरीचं पाणी पिणार न्हाई. उद्या परत येईन. सगळी वस्ती घेऊन येईन."