कवेलू फेरणारा माणूस

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी जुन्या वास्तू पाहायला येणाऱ्या मंडळींसोबत फिरतो. आधी चंद्रपूरचा परकोट आणि दरवाजे, मग गाडी करून चामोर्शीकडची सागवानी घरं. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून अठरा जण आले. तिसऱ्या दिवशी माझे पाय इतके भरून आले होते, की गाडीतून उतरणंही जिवावर आलं. पण ते शेवटचं घर मीच सुचवलं होतं.

तिथं एक विधवा बाई एकट्याच राहतात. आम्ही पोचलो तर अर्ध्या छपरावर कौलांऐवजी निळे पत्रे. मंडळींचे चेहरे उतरले. त्यांच्यातले एक वास्तुरचनाकार म्हणाले, "बाई, हे काय केलंत? अशी घरं आता उरली नाहीत हो."

"माकडं येते भाऊ रोज, कवेलू फोडते," बाई म्हणाल्या. "पावसात मी बाज कुठी कुठी सरकवू? कवेलू फेरणारा माणूस भेटत नाई. तुमच्याकडं असन तं पाठवा."

ते खांब निरखायला वळले. बाकीच्यांनी खांबांचे, कोरीव चौकटीचे फोटो काढले, चहा घेतला. निघताना बाई मला म्हणाल्या, "उरलेल्या अर्ध्यासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबीन मी, गुरुजी."

"पाहतो," मी म्हणालो, आणि अडकलो.

पाच-सहा गावं हिंडलो. शेवटी कौलं शाकारणारा एक म्हातारा कारागीर सापडला.

"हात चालते अजून," तो म्हणाला, "पन वर चढनं होत नाई."

"कुणाला शिकवाल?"

"शिकाले कोन येते? माहे पोरंच हैदराबादले गेले."

पुण्याला फोन केला. वास्तुरचनाकार खूश झाले. पावसाळा संपला की तिथं कार्यशाळाच घेऊ, म्हणाले. बाईंना छप्पर पावसाळ्याआधी हवं होतं. ते मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बघू या."

मे महिन्यात जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "तुमी फिरले तरी," एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात उरलेल्या छपरावरही पत्रे चढले.

त्या दिवशी मी गेलो होतो. उतरवलेली कवेलू आम्ही दोघांनी निवडली आणि धड होती तेवढी मागच्या भिंतीला रचून ठेवली.

"कोनी येईन तं कामी पडन," बाई म्हणाल्या.

मी मान हलवली. पाणी पिऊन तिथंच बाजेवर आडवा झालो. दुपारची बस गेली, तरी उठवेना.