नळीतली थुंकी आणि आजोबांचं आडनाव

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गेल्या वर्षी ऐन मोहाच्या हंगामात माझी मुलगी आणि तिचा होणारा नवरा आमच्या आलापल्लीच्या ओसरीत बसून प्लास्टिकच्या एकेका नळीत थुंकले, आणि त्या थुंकीवर त्यांचं लग्न सव्वा महिना टांगून राहिलं.

हसा. मी तेव्हा हसत नव्हतो. वडशाच्या झाडीपट्टी नाटकांत मी दोन हिवाळे खलनायक केला आहे. माझ्या आरोळीनं पुढच्या रांगेतली पोरं रडायची. तोच मी, मोबाइल वाजला की दचकत होतो.

आम्हा गोंडांत आडनावावरून देव कळतात: चार, पाच, सहा की सात. ज्यांचे देव सारखे, ते भाऊ-बहीण. त्यांच्यात लग्न होत नाही. आमचं आडनाव सात देवांचं, मुलाचं सहा देवांचं. सगळं जुळलं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात माझी आत्या तोंडातला खर्रा सावरत म्हणाली, "पन हे आडनाव आपलं कुठी हाय?"

आजोबा लाकडाच्या बैलगाड्यांवर कामाला आले, तेव्हा डेपोतल्या कारकुनानं म्होरक्याचं आडनाव सगळ्या गाडीवानांपुढे लिहून टाकलं. आजोबांनी ते ठेवून घेतलं. मूळचं काय होतं, ते आत्यालाही आठवेना.

"अन् ते सहा देवांचं असन तं?" मी विचारलं.

"तं मंग पोरगी भावाच्याच घरी चालली," असं म्हणून ती शांतपणे पिंक टाकायला उठली.

मुलगी चंद्रपूरला नोकरी करते. ती म्हणाली, "बाबा, घाबरून काऊन राह्यले? डीएनए करून पाहू."

नळ्या कुरिअरनं गेल्या आणि माझं जेवण गेलं. होणारा जावई भेटायला आला की मी त्याला न्याहाळत बसायचो. दोघांचे कान मला एकसारखे दिसायला लागले. मग नाक. एकदा दोघं एकदमच शिंकले, तर माझ्या हातातला कप सुटला. मुलीनं आधीच सांगून ठेवलं होतं, याच्याशी नाही तर कोणाशीच नाही. ती बोलते ते करते, याचीच धास्ती.

अखेर निकाल मोबाइलवर आला. एक नकाशा, त्यात आमच्याकडचा सगळा मुलूख हिरवा रंगवलेला, आणि खाली लिहिलेलं: दोघांत जवळचं नातं आढळत नाही. मुलीनं उडी मारली. माझी भीती एक पेला पाणी पिऊन होईपर्यंत गेली होती.

"देव किती लिवले हायेत त्यात?" आत्यानं विचारलं.

एकही नव्हता. मशीन चार-सहा पिढ्यांपर्यंतचं नातं सांगतं. देवांचं भाऊपण त्याहून कितीतरी जुनं. म्हणजे सव्वा महिना घाबरून मी होतो तिथंच होतो.

लपवून लग्न लावायची छाती नव्हती. आत्याला घेऊन मी मुलाच्या आजीकडे गेलो. त्या घरात तिचा शब्द शेवटचा. ती अंगणात तेंदूपानांचे पुडे बांधत होती. मी सगळं सांगितलं. खलनायकाचा आवाज शेळीसारखा निघाला. तिनं हातातला पुडा पूर्ण बांधला. मग म्हणाली, "भाऊ, तुमच्या आज्याचा गोटा कोनं उभा केला?"

आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करतात, आणि तो फक्त आपल्याच देवांच्या रांगेत. मला काही माहीत नव्हतं. मी आत्याकडे पाहिलं.

"म्होरक्याच्या लेकायनं," आत्या म्हणाली. "त्यायच्याच रांगेत. मी पाह्यलं ना तिथी, लहानपनी."

"मंग तो सात देवाचाच. सुपारी आना," आजी म्हणाली.

माझे डोळे भरून आले. आणि मी मूर्ख, त्या आनंदात मोबाइल तिच्यापुढे धरला. "तरी पन बाई, हा रिपोर्ट एक डाव..."

"ठेवा तो खिशात!" म्हातारी कडाडली. "गोटा उभा करतानी थुकून पाह्यलं होतं का कोनी?"