कोऱ्या झाकणाचा खोका

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरीवलीला शांतिभाईंच्या दुकानात बसले होते. टोपी, उपरणं, टॉवेल, रुमाल असा लग्नाच्या मानपानाचा माल विकणारं हे जुनं दुकान. मंदा आणि मी मिळून या मालाचे खोके बनवायचो आणि ते वर्षानुवर्षं तिथे जायचे. त्या दिवशी शांतिभाई एका मोठ्या ऑर्डरचं बोलत होते. त्यांची अट एकच होती. आमच्या कोऱ्या खोक्याच्या झाकणावर सोनेरी गणपती आणि ‘शुभविवाह’ छापायचं. मी हो म्हणायच्या बेतात होते. दमलेला माणूस लवकर हो म्हणतो, आणि मी फार दमले होते. तेवढ्यात मंदाच्या मुलाचा, प्रशांतचा फोन आला. “मावशी, आई गेली... डायलिसिसहून घरी आणली, चहा दे म्हणाली, मी चहा घेऊन आलो तर...” शांतिभाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. म्हणाले, “तुम्ही जा, शैलाबेन. ऑर्डरचं तेराव्यानंतर बघू.” रिक्षात मला रडूसुद्धा आलं नाही. नमुन्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि डोक्यात एकच घोळत होतं. मंदाने त्या झाकणावर कोणाला काही छापू दिलं नव्हतं, आणि आता नको म्हणायला ती नव्हती.

आम्ही दोघी दिंडोशीला एकाच बिल्डिंगमध्ये, समोरासमोरच्या दारांत राहायला आलो. दोघींची नवी लग्नं, दोघींचे नवरे दिवसभर कामावर. मंदाने कुठून तरी खोके चिकटवायचं काम आणलं आणि मला विचारलंसुद्धा नाही, सरळ अर्धा गठ्ठा माझ्या घरात आणून टाकला. “दुपारी झोपून काय दिवे लावणार आहेस?” असं वर ऐकवलं. टोपी, उपरणं, रुमाल यांच्या सेटचा खोका म्हणजे काय भानगड असते ते मला तेव्हा कळलं. टोपी नुसती पिशवीत घातली की पापडासारखी चपटी होते. म्हणून खोक्यात तिला आतून पुठ्ठ्याचा आधार द्यायचा. शेजारी उपरण्याची पंख्यासारखी घडी, कोपऱ्यात त्रिकोणी रुमाल, आणि झाकणाला प्लॅस्टिकची पारदर्शक खिडकी, म्हणजे दुकानातल्या गिऱ्हाईकाला न उघडता सगळं दिसतं. उघडल्यावर तोच माल निम्मा वाटतो, ती गोष्ट वेगळी. माझा खोका हातात घेऊन मंदा म्हणायची, “शैले, हा कोपरा काय उंदराने खाल्लाय?” मी चिडायचे आणि पुन्हा करायचे. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण हाताला वळण होतं. पुढे आम्ही मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा गाळा भाड्याने घेतला आणि भिंतीला लाल-सोनेरी खोक्यांच्या थप्प्या लागल्या. सगळ्यांवर गणपती, सगळ्यांवर ‘शुभविवाह’.

मग मंदाचा नवरा गेला. अचानक, ऑफिसातच. प्रशांत तेव्हा शाळेत होता. आमच्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण असतं आणि घरात ज्याने अग्नी दिला त्याच्या डोक्यावर नातेवाईक टोपी घालतात. दुखवट्याची टोपी म्हणतात तिला. ती घातली की सुतक संपलं, माणसाने उठून कामाला लागायचं. प्रशांतला टोपी घालायला मंदाचा मोठा भाऊ, वसंतदादा मुलुंडहून आला होता. अबोल, भिडस्त माणूस. त्याने पिशवीतून सेटचा खोका काढला. लाल झाकण, वर सोनेरी गणपती. त्याखालची अक्षरं दादाने नखाने खरवडायचा प्रयत्न केला होता. ‘शुभ’ गेलं होतं, ‘विवाह’ तसाच होता. तो खोका आमच्या गाळ्यातला होता. मंदाने तो हातात घेतला, उलटा केला, कोपरा दाबून पाहिला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “हा तू चिकटवलेला आहेस गं.” तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच ती कोसळली. बायकांना वाटलं, तिच्या डोक्यावर परिणाम झाला. दादा मान खाली घालून उभा होता.

काही दिवसांनी गाळ्यात आल्यावर ती म्हणाली, “दादाची काय चूक? दुकानात गेला असेल, चार लग्नाची गिऱ्हाइकं मोठमोठ्याने बोलत असतील. ह्याने वाकून कुजबुजत मागितलं असणार. दुकानदाराने होता तो खोका दिला. आपण दुसरा बनवलाच नाही, तर तो तरी कुठून देणार?” मी म्हटलं, वर्तमानपत्रात गुंडाळून देतात की. “देतात ना. आणि टोपी पार चेंगरते. शैले, आपल्याला असा खोका करायचाय जो दुकानदार समोर मांडील. दुखवट्यातल्या माणसाने नुसतं बोट दाखवावं आणि घेऊन जावं. त्याला तोंड उघडायला लागू नये.” एवढंच तिला हवं होतं. ऐकायला किती साधं वाटतं... पण त्यापायी तिने पुढची कित्येक वर्षं स्वतःला आणि मला वणवण फिरवलं.

आधी रंगावर घोडं अडलं. पांढरा केला तर औषधाच्या दुकानातला वाटला. काळा आमच्याकडे चालणार नव्हता. करड्यात ती टोपी नसून कोणाचा तरी ऑफिसचा शर्ट आहे असं वाटायचं. शेवटी मंदाने चंदनाची उगाळलेली उटी असते ना, तो रंग पकडला. झाकणावर काय छापायचं यावर मी चार-पाच गोष्टी सुचवल्या, तिने सगळ्या उडवून लावल्या. “काही नाही छापायचं. ज्याचं माणूस गेलंय त्याला काय वाचायला देणार आहेस तू?” खरी पंचाईत खिडकीची. खिडकी ठेवावी तर टोपी अशी मिरवल्यासारखी दिसते, न ठेवावी तर दुकानात आत काय आहे ते कळत नाही आणि न कळणारा माल दुकानदार मांडत नाही. कित्येक पुठ्ठे वाया घालवल्यावर तिने खिडकी झाकणावरून काढली आणि खोक्याच्या अरुंद बाजूला नेली. फळीवर थप्पी लावली की बाजूने टोपीची पांढरी कड आणि उपरण्याची घडी दिसायची. हातात दिला की वरचं झाकण कोरं. पहिला तयार खोका मी हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिला. मंदा म्हणाली, “बरा झालाय ना गं?” तिने मला असं विचारल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही.

त्यानंतरचं फिरणं आठवलं की अजून पाय दुखतात. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरीवली. दुकानदार खोका हातात घ्यायचे, वाखाणायचे, आणि कशासाठी आहे हे कळलं की गरम तव्यावरून हात उचलावा तसा खाली ठेवायचे. घाटकोपरचे एक गृहस्थ तर म्हणाले, “बाई, लग्नाच्या सीझनमध्ये हे समोर मांडू? धंद्याची वाट लावायची आहे का माझ्या?” मी मंदाला म्हटलं, हे हात दाखवून अवलक्षण आहे, कशासाठी ते सांगू नकोस ना. तिने ऐकलं. पुढच्या दुकानात म्हणाली, “सेटचा नवा खोका आहे, साधा. ज्याला जशासाठी हवा त्याने तशासाठी घ्यावा.” ते दुकान शांतिभाईंचं. त्यांनी थोडे ठेवून घेतले, आणि झालं भलतंच. सोसायट्यांचे सत्कार, निवृत्तीचे समारंभ, कोर्टात लग्न करणारी मुलं, सगळ्यांना तो साधा खोका आवडायला लागला. शांतिभाईंनी तो काउंटरच्या मागच्या फळीवर, ऐन नजरेसमोर मांडला. “माल एकदम झकास आहे, मंदाबेन.” त्यांचं बघून मुलुंड-घाटकोपरच्या दुकानांनीही घेतला. मग लग्नवाले तो फार मागायला लागले तशी शांतिभाईंची भुणभुण सुरू झाली. लग्नाला जातोय तर वर एक गणपती छापा ना, दुप्पट खपेल. मंदा दर वेळी नाही म्हणायची. ते दर वेळी चहा पाजायचे आणि पुन्हा विचारायचे.

तोवर तिची किडनी गेली होती. दिवसाआड डायलिसिस, मधल्या दिवशी गाळा. मी तिला म्हणायचे, घरी पड ना जरा. ती म्हणायची, पडून पण दमायलाच होतं. हळूहळू गाळ्याचं ओझं माझ्यावर आलं आणि मला कंटाळा यायला लागला. पुठ्ठ्याचा, डिंकाच्या वासाचा, शांतिभाईंच्या चहाचा, आणि हो, मंदाच्या हट्टाचासुद्धा. एकदा दवाखान्यात तिच्या पलंगाशी बसले असताना माझा तोल सुटला. म्हटलं, “मंदा, इतकी वर्षं झाली. एका तरी माणसाने तो खोका दुखवट्याला नेल्याचं तुझ्या कानावर आलंय का? सगळे सत्काराला नेतात. आपण कोणासाठी झाकण कोरं ठेवतोय?” तिने मान मशीनकडे वळवली. मग म्हणाली, “मला माहीत नाही. जो नेईल तो सांगणार नाही ना, शैले. त्याला सांगायला लागू नये म्हणून तर केलाय.” आणि पुढे म्हणाली, “कोरं राहू दे... नाहीच जमलं तर बघ बाई तुझं तू.” शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर बरं झालं असतं. नुसता हट्ट असता तर मी भांडले असते. तिने माझ्यावर सोडलं, आणि तिथेच मी अडकले.

ते तेरा दिवस मी तिच्या घरी पोळ्या लाटण्यात आणि आल्यागेल्याला चहा देण्यात घालवले. मनात ऑर्डरचाच विचार. मंदा गेली, माझे गुडघे गेलेत, प्रशांतला या धंद्यात रस नाही. छापावा गणपती, मिळवावेत चार पैसे आणि गाळा बंद करावा. कोणाला कळणार होतं? तेराव्याच्या दिवशी तर मी पक्कं ठरवूनच गेले होते. जेवणाआधी प्रशांतला पाटावर बसवलं. वसंतदादा पुढे झाला. आता तो बराच थकलाय. त्याने कापडी पिशवीत हात घालून खोका बाहेर काढला. चंदनी रंगाचा, कोऱ्या झाकणाचा. दादाने तो उघडला, ताठ, न चुरगळलेली टोपी काढून भाच्याच्या डोक्यावर घातली आणि खांद्यावर उपरणं टाकलं. कोणाचंच खोक्याकडे लक्ष गेलं नाही.

मंदाने दादाला या खोक्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं. त्याला त्या खरवडलेल्या अक्षरांची आठवण होईल म्हणून. जेवणं झाल्यावर मी त्याला विचारलं, “दादा, सेट कुठून आणलात?” “मुलुंडलाच, घराजवळच्या दुकानातून.” मग तो अबोल माणूस आपणहून बोलायला लागला. “भावोजींच्या वेळी फार ओशाळं झालं होतं बघ, शैला. कसं मागावं तेच कळेना, आणि ते तसलं घेऊन आलो. मंदा काही बोलली नाही, पण माझ्या मनातून ते गेलं नाही. या वेळी पण दुकानाच्या दारात किती वेळ उभा होतो. तर समोरच होता हा. मी बोट दाखवलं, त्याने दिला. काही बोलावंच लागलं नाही.”

दादा, हा मंदाने केलाय, तुमच्यासाठीच केलाय... अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्या बिचाऱ्याला काहीतरी बोलावं लागलं असतं. मी आत स्वयंपाकघरात गेले आणि जिलबीच्या रिकाम्या परातीशी बसून, फोन आल्यापासून पहिल्यांदा, पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी शांतिभाईंना फोन केला. सांगितलं, झाकणावर काही छापणार नाही. ते म्हणाले, “अहो बेन, आता मंदाबेन पण नाहीत. मग मी अर्धाच माल घेईन.” मी म्हटलं, “अर्धा घ्या.”

म्हणजे गाळा बंद करायचं लांबलं. कोऱ्या झाकणाचा त्रास असा की छापील झाकणावर डिंकाचं बोट लागलं तरी नक्षीत खपून जातं, यावर प्रत्येक डाग दिसतो. एकेक खोका हाताने पुसावा लागतो. मंदाच्या जुन्या सुती साडीचा मऊ झालेला एक तुकडा गाळ्यात खिळ्याला लावलेला आहे, ती त्यानेच पुसायची. आता मी पुसते. पाठ दुखते, डोळ्यांना नीट दिसत नाही, आणि कोणता खोका कोणाच्या घरी जाणार आहे हे कळायला मार्ग नाही. म्हणून सगळेच पुसते.