नवे ब्रेक, दहा दाबण्या आणि पेंढ्याची भिंत: शहापूर ते मुरबाड

माझ्या सासूबाई जावयाला कधी वाईट बोलत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात जुन्नरहून परतताना माळशेज घाटात आमच्या म्हाताऱ्या गाडीचे ब्रेक तापले, जळका वास सुटला, पॅडल तळाला टेकलं आणि मी गिअर न् हँडब्रेकच्या जिवावर कशीबशी गाडी कडेला घेतली. सासूबाई शांतपणे उतरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "हवा छान हाय जावईबापू. मी आपली चालत जाते." आणि खरंच चालायला लागल्या.

तेव्हापासून त्यांना आणायला मुरबाडला गेलो की दर खेपेला नवीन सबब. कधी गाडी लागते, कधी "एसटीला बायकांना अर्धं तिकीट हाय, वाया कशाला घालवायचं?" मग त्या एसटीने आणि मी रिकामी गाडी घेऊन मागोमाग आमच्या आसनगावला. शेवटी बायकोने, म्हणजे मंगलने, निकाल दिला. माघी गणपतीला आई या गाडीतून आली तर गाडी राहील, नाहीतर विकायची. मंगल असं गमतीत बोलत नाही.

म्हणून पुढच्या चाकांसाठी खाचांच्या नव्या डिस्क आणि बऱ्यातले पॅड मागवले आणि शनिवारी सकाळी निघालो. आसनगाव ते शहापूर जेमतेम दहा मिनिटं. तुम्हीही या बाजूला येणार असाल तर पेट्रोल शहापुरातच भरा आणि नाश्ताही तिथेच उरका. मी उसळ-वडा खात होतो तोवर शेजारच्या गॅरेजात किसन मेस्त्रींनी चाकं काढली होती. जुन्या डिस्कच्या काठावरून त्यांनी नख फिरवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की वडा घशातच अडकला.

"साहेब, ही डिस्क नाय, पापड हाय," ते म्हणाले. "घाटात हिच्यावर बसून गेलतात?"

"सासूबाईंना घेऊन."

"अरे देवा."

दोन तासांत काम झालं, मजुरी आठशे. किल्ली हातात देताना त्यांनी नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून करायची तालीम समजावली. गाडी साठवर न्यायची, जोरात ब्रेक दाबून दहावर आणायची, पुन्हा साठ, अशा दहा दाबण्या. "पन चाक पुरतं थांबवायचं नाय. डिस्क लाल तापलेली असते. तिच्यावर पॅड दाबून धरला का डाग बसतो, मग स्टेरिंग थरथरत राहतं." दहा झाल्या की ब्रेकला न शिवता गाडी पळवून गार करायची. मी मान डोलावली. ऐकायला सोपं वाटलं.

किन्हवलीच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो. कापलेल्या भातखाचरांत वालाची हिरवी पट्टी, मध्ये पेंढ्याच्या गंज्या, एखादा पळस नुकता पेटलेला. फोटोला थांबण्यासारख्या जागा भरपूर आहेत, फक्त मला थांबायची परवानगी नव्हती.

पहिली दाबणी नेमकी एका बसथांब्यासमोर आली. या रस्त्यावर जी गाडी हळू होते तिच्यात जागा असते, हा नियम मी विसरलोच होतो. तीन बायका टोपल्या उचलून पुढे आल्या. एका आजीने वालाच्या शेंगांची टोपली थेट खिडकीला लावली. "सरळगावला ना रे?"

"आजी, थांबता येत नाय!" म्हणत मी पुन्हा साठ गाठले. आरशात आजी हात हलवून काय म्हणत होती ते न ऐकलेलंच बरं.

दुसऱ्या, तिसऱ्या वेळी तेच झालं. चौथ्या दाबणीला पांढऱ्या टोपीतले एक काका चक्क खिडकीबरोबर धावायला लागले.

"ब्रेक लागत नाय का?"

"लागतात! म्हणून तर थांबत नाय!"

"आं? चाललात कुठं?"

"मुरबाडला, सासूबाईंकडे!"

"कुनाचे जावई?" धापा टाकतानाही ही चौकशी झालीच पाहिजे.

"यशोदाबाईंचे!"

काका थांबले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मला वाटलं, वेळ बघत असतील.

सहाव्या दाबणीपासून लोकांचं वागणं बदललं. कोणी हात दाखवेना. उलट पोरं आत ओढली जात होती, बकऱ्या हाकलल्या जात होत्या, आणि एक गृहस्थ झाडामागून ओरडले, "हँडब्रेक वढा!" मी त्यांना हात केला. माणसं प्रेमळ आहेत इकडची.

नववीसाठी साठ गाठले, वळण घेतलं आणि समोर रस्ताभर पेंढ्याची भिंत. बाजूला रिकामा टेम्पो, वीसेक माणसं. तापलेल्या डिस्क घेऊन वाळल्या पेंढ्यात घुसलो असतो तर जावई आणि पेंढा दोघांची एकदम होळी झाली असती. मेस्त्रींचं सगळं विसरून मी जीव खाऊन पॅडल दाबलं. गाडी पेंढ्याच्या हातभर अलीकडे उभी राहिली.

सगळे वाकून चाकांकडे बघायला लागले. मग एकजण जरा नाराजीनेच म्हणाला, "थांबली की."

हे सासूबाईंचं माहेर. जावयाचे ब्रेक गेले, हा टोपीवाल्या काकांचा निरोप मुरबाडला सासूबाईंना पोचला होता आणि त्यांनी इथल्या भाच्याला हुकूम सोडला होता, पेंढा आडवा घाला, जावयाला खरचटता कामा नये. हे मी खिडकीतून मान काढून ऐकलं. पाय मात्र पॅडलवर तसाच घट्ट होता. भाच्याने फोनचा स्पीकर लावला.

"थांबला का रे?" पलीकडून सासूबाई ओरडल्या.

"थांबला आत्या. पेंढ्याला शिवला पन नाय."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग, "बरं. मग मी पिशवी भरते."

सगळा पेंढा टेम्पोत परत भरायला मीही लागलो. मुरबाडपर्यंत अंग खाजत होतं. सासूबाईंनी तांदळाची भाकरी न् सुकट वाढली, आणि मग पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. पहिल्याच उतारावर ब्रेक दाबला तर स्टेरिंगपासून सीटपर्यंत सगळं थरथरलं. डाग बसला होता. मी हळूच त्यांच्याकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या.

घरी पोचल्यावर मंगलने दोनदा गाडीत डोकावून खात्री केली की आईच आहे. गाडी विकायचा विषय संपला. रात्री जेवताना मी म्हणालो, सोमवारी मेस्त्रींकडे जाऊन ती थरथर काढून घेतो.

"काय नको," सासूबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा सरळ नाही म्हटलं. "आधी तुमी ब्रेक दाबता का नाय, मला काय समजायचं नाय. जावयाला इचारनार कसं? आता थरथरलं का बसल्या जागी समजतं."

मग पाणी प्यायल्या आणि पुढे म्हणाल्या, "आन् वळनावर उशिरा दाबता तुमी. लवकर दाबत जा."