बमरोलीत उघडलेला गिअरबॉक्स

सकाळी धुळं सोडलं. नवापूरला चहा, मग सोनगड, बारडोली आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. निघालो होतो भाचीचं, मनीषाचं, सुरतेतलं नवं गॅरेज बघायला. बँकेच्या परीक्षा सोडून ती गिअरबॉक्सचं काम शिकायला गेली, तेव्हा सगळ्यात मोठा विरोध माझाच होता.

उधन्यात साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या टेम्पोंमागे तासभर रखडलो. डॅशबोर्डवर दिवा लागला. बमरोलीत चुकीच्या गल्लीत शिरलो, तर समोर भिंत. रिव्हर्स टाकला; गाडी जागची हलेना. मागचा टेम्पोवाला खाली उतरला.

"काका, तमे बेसो, अमे धक्को मारीए" (तुम्ही बसा, आम्ही ढकलतो), तो म्हणाला. चौघांनी मला गल्लीबाहेर काढलं. धुळ्याच्या मिस्त्रीला फोन केला, तर तो म्हणाला, "अख्खा गिअरबॉक्स गेला, सर."

मग मनीषाला फोन केला. गॅरेज जवळच होतं; ती चालतच आली. गाडीला हातही न लावता तिने विचारलं, "मामा, मांगे जाई नही राहिनी ना? (मागे जात नाही ना?) आणि पुढे एक, तीन, पाच एवढेच गिअर पडतात?"

"तुला कसं कळलं?"

"या गाडीत क्लच दोन. एकाकडे एक, तीन, पाच, सात. दुसऱ्याकडे दोन, चार, सहा आणि रिव्हर्स. तुमचा दुसरा गेलाय."

गॅरेजात गिअरबॉक्स उतरवता उतरवता ती सांगत होती. साध्या गाडीत आपण क्लच दाबतो, तेवढा क्षण इंजिनाची ताकद चाकांना मिळत नाही. एएमटीत, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये, तेच काम यंत्र करतं, म्हणून गचका बसतो. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरच्या मधे तेल असतं; गाडी मऊ चालते, पण थोडी ताकद तेलातच मुरते. "तुमच्यात तिसऱ्यावर पळताना चौथा आधीच जुळलेला असतो. एक क्लच सोडतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. पण गर्दीत असं इंच इंच सरकवलं की चकत्या घासून तापतात."

पेटी उघडली. गिअरचे दात शाबूत होते. जळालेली होती फक्त क्लचची चकती.

रात्री ताईकडे, म्हणजे मनीषाच्या आईकडे, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) झाली. दुसऱ्या दिवशी नवा क्लच बसला. आता कोणता क्लच नेमका कुठे पकडतो, हे गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवायचं होतं. तो शिकेना. दुसऱ्यांदाही नाही. मी म्हणालो, "राहू दे गं, नवा गिअरबॉक्स टाकू."

तिने पुन्हा पाना उचलला. सगळं पुन्हा उतरवलं, क्लचची फट मोजली आणि ती फट भरणारी मूळची कडी काढून केसभर जाड कडी घातली. तिसऱ्यांदा पडद्यावर हिरवी खूण आली.

"बसा मामा. रिव्हर्स टाका."

गाडी अलगद मागे सरकली. मी ती उगाचच तीनदा मागेपुढे केली. उतरल्यावर म्हणालो, "मनीषा, तेव्हा मी चुकलो होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि हात पुसत पुढच्या गाडीकडे वळली.

परतताना सोनगडला एक गृहस्थ माझी गाडी न्याहाळत होते. म्हणाले, "याच बनावटीची माझीही आहे. गिअर त्रास देतात. चांगला मिस्त्री माहीत आहे का?" मी कागदावर मनीषाचं नाव आणि पत्ता लिहून दिला. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी खाली लिहिलं : 'माझी भाची'.