पाच खुर्च्यांची नकाशाबाई

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच नगररचना विभाग आहे. विभागात खुर्च्या पाच आणि माणूस एक. त्या एका माणसाला सगळं गाव नकाशाबाई म्हणतं. घरीही तेच नाव पडलंय. सासूबाईसुद्धा शेजारणीला सांगतात, "आमची नकाशाबाई अजून यायचीय हो. असेल कुठंतरी कुणाचं गटार न्याहाळत."

आणि त्या खरोखरच न्याहाळत असतात. बाईंना चौकशीचं व्यसन. भिंतीतली बुजवलेली खिडकी दिसली की ती कुणी आणि कशासाठी बुजवली, चांगली सरळ चाललेली गल्ली मध्येच कंबरेत का वाकली, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एकदा नवऱ्याबरोबर लग्नाला जाताना, एका घराचा जिना बाहेरून का, हे विचारायला त्या आत शिरल्या आणि चहा पिऊनच बाहेर आल्या. नवरा तोवर पुष्पगुच्छ घेऊन रस्त्यात उभा. येणारे-जाणारे त्याच्याकडे पाहून गालातल्या गालात हसत होते.

एके काळी पाचही खुर्च्यांवर माणसं होती. कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, एकीनं खासगी कंपनी धरली. पद रिकामं झालं की वरून उत्तर यायचं, "पुढच्या अंदाजपत्रकात बघू." आणि पुढच्या अंदाजपत्रकात, "गेल्या वर्षी चाललंच की त्यांच्यावाचून!"

चाललं, कारण नकाशाबाईंनी चालवलं. सगळ्या रिकाम्या पदांचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडेच होता. आता एका डोक्यात चार माणसं कोंबली की ती आपसात भांडतात. म्हणून बाईंनी एक पद्धत बसवली. ज्या पदाचं काम, त्या पदाच्या खुर्चीत जाऊन बसायचं. उठलं की ते काम डोक्यातून झटकायचं.

कोपऱ्यावरचा शिंपी दुकानावर खोली चढवायची म्हणून आला, तेव्हा त्याला याची कल्पना नव्हती.

"हे जागा पाहणाऱ्यांकडे द्या," बाई पहिल्या खुर्चीतून म्हणाल्या. शिंपी शेजारच्या टेबलाशी गेला. बाई उठल्या आणि तिथं येऊन बसल्या. "या. काय काम होतं?"

"अहो बाई, आत्ताच सांगितलं ना!"

"ते तिथं सांगितलंत. इथं मी जिना बघते. तुमचा अरुंद आहे."

शिंपी हळूच म्हणाला, "मग मंजुरी देणाऱ्या साहेबांनाच गाठू का? कडक आहेत का फार?"

"फारच. काल माझाच अहवाल परत पाठवला त्यांनी."

"का बरं?"

"जागेवर न जाताच लिहिला होता मी. वेळच मिळाला नाही."

शिंप्यानं साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे भीतभीत पाहिलं.

पाचवी खुर्ची खिडकीशी. तिच्यासमोर कालव्यापलीकडच्या जमिनीचा नकाशा लावलेला. घरं होण्याआधी रस्ता कुठून, पाणी कुठून, शाळा कुठं, हे ठरवायची ती खुर्ची. तिच्यावर मात्र बाईंना टेकायला मिळत नसे. बाकी चार खुर्च्यांपुढं माणसं खोळंबलेली असत, हाका मारत. या खुर्चीपुढं कोण ओरडणार? ज्यांना तो रस्ता लागणार होता ती माणसं अजून तिकडं राहायलाच आली नव्हती. पण प्लॉट विकले जात होते. यंदा नकाशावर रस्त्याची रेघ पक्की झाली नाही तर घरं उभी राहणार आणि रस्ता कायमचा बाहेर ताटकळणार. बाईंनी म्हणूनच एक माणूस मागितला होता. गरज तपासायला लेखाधिकारी स्वतः आले ते नेमके शिंपी असतानाच.

त्यांनी तासभर कामकाज पाहिलं, चष्मा पुसला. "कामं वेळेवर निघतात. तक्रार एक नाही. मग माणूस कशाला?"

"म्हणजे मी कामं तुंबवली असती तर मिळाला असता?"

लेखाधिकारी प्रामाणिक होते. "खरं सांगू? हो."

इतकी वर्षं आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे बाईंच्या आत्ता लक्षात आलं. मग म्हणाल्या, "कालव्यापलीकडे कधी गेलायत, साहेब?"

"मी कशाला जाऊ?"

"मग चलाच."

"आणि इथं कोण?" लेखाधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी बसतो की," शिंपी म्हणाला. "फक्त कुठल्या खुर्चीत ते सांगा."

पलीकडे एक गवंडी पायासाठी दोरी बांधत होता. शेजारी जागेची मालकीण, दूधवाल्या मावशी, कमरेवर हात ठेवून उभ्या. लेखाधिकाऱ्यांनी सहज विचारलं, "मावशी, रस्ता कुठून येणार तुमच्या दाराशी?"

"ह्या शेजाऱ्याच्या जागेतून."

शेजारी आपल्या नव्याकोऱ्या कुंपणाच्या भिंतीवरून डोकावला. "माझ्या? छे! तुमच्याच जागेतून ठरलंय."

"ठरवलं कुणी?" लेखाधिकाऱ्यांनी विचारलं.

दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. लेखाधिकाऱ्यांना आता राहवेना. ते तिसऱ्या प्लॉटवर गेले, चौथ्यावर गेले. प्रत्येकाच्या मनात रस्ता होता आणि प्रत्येकाच्या मनात तो दुसऱ्याच्या जागेतून जात होता. परत येतात तो बाई मोजपट्टीच्या टोकावर ठेवायला दगड शोधताहेत.

"हे काय?"

"दुसरा माणूस," बाई म्हणाल्या.

लेखाधिकाऱ्यांनी मुकाट्यानं टोक हातात घेतलं. "जमिनीला टेकवा, साहेब. सैल नको." मोजून झालं. मावशींनी दोरी मागं घेतली आणि शेजाऱ्यानं भिंत मागं घेतली, तर रस्ता सुखानं जात होता.

"घेईन मी मागं," मावशी म्हणाल्या. "पण मी एकटीच घेतली तर खुळी मीच ठरेन. सगळ्यांना सारखा हुकूम आणा."

"आणि लवकर आणा," गवंडी म्हणाला. "मी काही हात बांधून बसणार नाही. आधी मागची भिंत घेतो, पुढचा पाया शेवटी. तेवढाच वेळ."

परतताना पुलावर लेखाधिकारी म्हणाले, "नवं पद माझ्या हातात नाही. पण माझ्या विभागातली एक मुलगी देतो. प्रत्येक खर्चापाशी अडते, 'हे काम झालं ती जागा दाखवा' म्हणते. मला नुसती डोकेदुखी. सहा महिने न्या."

"आणि पुढं?"

"तोवर माझी कामं तुंबलेली असतील. तक्रारी येतील. मग सभेत मीच माणूस मागीन, तुमच्यासाठी."

"तुम्ही कामं तुंबू द्याल?"

"जड जाईल," ते म्हणाले, "पण बघतो."

मुलीनं चार खुर्च्या सांभाळल्या; बाई खिडकीशी बसल्या. गवंड्याची मागची भिंत खिडकीच्या उंचीला आली त्या आठवड्यात रेघ मंजूर झाली. मावशींनी स्वतःच्या हातानं दोरी मागं बांधली आणि पदर खोचून शेजाऱ्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"हं, भाऊ. भिंत आज पाडताय की उद्या?"