एक उन्हाळा, एक पावसाळा

तात्पर्यकाकांना नुसता चहा पिता येत नसे. कप हातात आला की ते आधी चहावरच्या सायीकडे बघायचे आणि मग आमच्याकडे. त्या नजरेनं आमच्या घरात सगळ्यांना धडकी भरायची, कारण आता ‘तं तात्पर्य काय?’ येणार हे ठरलेलं. साय बाजूला सारल्याशिवाय खालचा चहा लागत नाही, तसा माणसानं आपला मोठेपणा बाजूला सारल्याशिवाय त्याला प्रभू सापडत नाही. एवढं बोलून होईपर्यंत चहा निवून जायचा, मग मी चरफडत तो परत गरम करायची आणि गरम केलेल्या चहाचंही तात्पर्य निघायचं.

खरं नाव शांतवन. नात्यातले नव्हेत, पण संध्याकाळचा चहा आमच्याकडेच. बांधकाम खात्यात मैलकुली होते. दिग्रस-पुसद रस्त्यावरचे खड्डे भरण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मंडळीचं पडेल ते काम त्यांनी अंगावर घेतलं. अठरा ख्रिस्ती घरांची आमची मंडळी. रविवारी घंटा वाजवायची, सतरंज्या घालायच्या, कुणी गेलं तर कबर खोदायची, हे सगळं काकांकडे. मी शाळेत शिकवते. दिवसभर पोरांकडून गोष्टीखाली तात्पर्य लिहून घ्यायचं आणि घरी आल्यावर पुन्हा तेच ऐकायचं, म्हणजे डोकं उठायचं हो! कुकरच्या शिट्टीपासून मोबाइलच्या रेंजपर्यंत काकांनी काही सोडलं नव्हतं. सगळ्या जगाचं तात्पर्य त्यांच्यापाशी होतं. माझ्या एका गोष्टीचं तेवढं नव्हतं, आणि मला तेवढंच पाहिजे होतं. आजही तेवढंच पाहिजे आहे.

त्यांचं सगळ्यात आवडतं तात्पर्य यष्टीचं. एकदा उपासनेनंतर मला फाटकात गाठून म्हणाले, “बाई, यष्टीवर काय लिवलं हाय? हात दाखवा, गाडी थांबवा. देवाचं बी तसंच हाय. हात दाखवला का थांबते. पण रस्त्यावर तं यावं लागते न! घरात बसून हात दाखवला तं गाडी कशी थांबन?” मी कसली ऐकून घेते! म्हटलं, काका, मागच्या सोमवारी मी फाट्यावर उन्हात अर्धा तास हात दाखवत उभी होते, तुमची गाडी धूळ उडवत निघून गेली. काका जराही डगमगले नाहीत. ती सुपर असेल, म्हणाले, सुपर फाट्यावर थांबत नसते. माझी मुलगी स्नेहल शेजारीच उभी होती, ती पोट धरून हसली.

स्नेहल त्यांची नक्कल करायची. ओढणी पंच्यासारखी खांद्यावर टाकायची, डोळे बारीक करायची आणि घसा खाकरून म्हणायची, ‘तं तात्पर्य काय?’ एकदा त्यांच्या पाठीमागे हे चाललेलं असताना ते वळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पुढच्या रविवारी भर मंडळीत त्यांनी तिला समोर बोलावून तीच नक्कल पुन्हा करायला लावली.

आमच्याकडे सुगीचा सण असतो. जो तो आपल्या घरचं, शेतातलं काहीतरी प्रभूपुढे आणून ठेवतो. कुणी भोपळा, कुणी तुरीच्या शेंगा, कुणी पांढराशुभ्र कापूस. काका एका वर्षी पिशवीभर कवडी घेऊन आले. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, जो बाजारात नेला तर व्यापारी हात लावत नाही. दिग्रससारख्या कापसाच्या गावात असली पिशवी देवापुढे ठेवायची म्हणजे धाडसच. लोक कुजबुजायला लागले. काकांनी शांतपणे सांगितलं की चांगला कापूस कुणीही घेतं, कवडी घेणारा एकच आहे. पाळकसाहेबांना पुढे अर्धा तास बोलायचं होतं, पण त्या दिवशी त्यांनी प्रवचन आवरतं घेतलं.

काकू गेल्या तेव्हा काकांनी त्यांची कबर स्वतः खोदली. दुसऱ्या कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. माती देऊन झाल्यावर त्यांच्या मुलानं कबरीवरच्या फरशीचं काम कधी करायचं असं विचारलं. काकांनी डोळे पुसले आणि तिथं, बायकोच्या ओल्या मातीवर उभं राहून, आम्हाला सांगितलं, “काळ्या मातीचा भरोसा नाही. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, अन् मंग बसते. एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या लागते, मंगच गोटा बसवावा. तं तात्पर्य काय? ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याच्यावर बी पह्यल्या साली पक्कं बांधकाम करू नये. उपदेश नाही, काही नाही. मुरूम टाकत राहावं.” मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगते. मला राग आला. निदान आज तरी या माणसानं गप्प बसावं, असं मी घरी येताना ह्यांना बोलूनही दाखवलं.

त्यानंतर तीन वर्षांनी, दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि स्नेहलला ताप आला.

दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर डेंग्यू. पेशी खाली खाली जायला लागल्या म्हणून यवतमाळला नेलं. काचेपलीकडे माझं लेकरू आणि अलीकडे मी. काका रोज सकाळच्या गाडीनं यायचे, भाकरी-चटणीचा डबा ह्यांच्या हातात द्यायचे आणि बाकावर बसून राहायचे. मी काय करायचं ठेवलं? उपास केला. दवाखान्याच्या फरशीवर सगळ्यांसमोर कपाळ टेकलं. तिच्या बदल्यात मला ने, असं देवाला म्हणाले. रस्त्यावर आले होते मी, घरात बसून हात दाखवला नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आधी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. स्नेहलला सोळावं संपून सतरावं लागलं होतं.

तिची कबरही काकांनीच खोदली. आमच्यात माती देऊन झाली की काका दोन शब्द बोलायचे, तशी पद्धतच पडून गेली होती. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली आणि सगळे सवयीनं काकांकडे बघायला लागले. ते फावडं धरून उभे. बोलेनात. माझ्या आत काय पेटलं कोण जाणे. मी बायकांचे हात झटकून पुढे झाले आणि ओरडले, “बोला ना काका! कुत्र्यामांजराचं तात्पर्य काढता ना तुम्ही? काढा की याचं! हात दाखवला होता मी. का नाही थांबली गाडी?”

काकांनी तोंड उघडलं. मग त्यांनी मान हलवली आणि एवढंच म्हणाले, “नाही बाई.”

त्या दिवसापासून काकांचं तात्पर्य बंद झालं. माझ्यापुढेच नाही, सगळ्यांपुढे. उपासनेत साक्ष, म्हणजे देवाचा आपला अनुभव, सांगायची वेळ आली की ते खाली बघत बसायचे. लोक मुद्दाम डिवचायचे, काका हे बघा, काका ते बघा, तर ‘हो हो’ म्हणून विषय बदलायचे. हे मला ह्यांनी येऊन सांगितलं, कारण मी उपासनेला जाणं सोडलं होतं. आणि मला बरं वाटलं. माझ्याकडे उत्तर नाही तर कुणाकडेच नसावं, असं वाटायचं मला. शाळेत पोरं गोष्ट वाचायची, खाली ‘तात्पर्य’ असा शब्द यायचा, आणि मी खडू ठेवून बाहेर व्हरांड्यात जायची.

मला घाई झाली होती ती दगडाची. तिच्या नावाचा काळा, चकचकीत दगड नाताळच्या आत बसला पाहिजे, नाहीतर माझी पोरगी त्या उघड्या मातीत हरवून जाईल, अशी भीती डोक्यात बसली होती. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. काका घरी आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. उन्हाळा, पावसाळा जाऊ द्या म्हणाले, तोवर सागवानी क्रूस करून देतो म्हणाले. मी त्यांना जे बोलले ते लिहायला हात धजत नाही. तुम्ही खोदलंत तेवढं पुरे झालं, असं काहीसं बोलले. काकांनी ‘बरं’ म्हटलं आणि चपला घातल्या. यवतमाळहून मिस्त्री आणून मी नाताळच्या आत दगड बसवून घेतला.

मे महिन्यात, शाळेला सुट्ट्या लागल्यावर, एका सकाळी मी एकटीच दफनभूमीत गेले. काळ्या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. एक भेग थेट स्नेहलच्या कबरीखालून गेली होती. सिमेंटचा ओटा मधून तडकला होता आणि दगड एका अंगाला कलला होता, झोपेत कूस बदलावी तसा. आणि त्या कललेल्या अंगाला काका उकिडवे बसले होते.

शेजारी घमेलं, घमेल्यात लाल मुरूम. मुठीनं मुरूम घ्यायचे, भेगेत सोडायचे, सळईनं ठोकायचे. दगडाखाली चपट्या गोट्यांच्या पाचरी मारलेल्या होत्या. दगडावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून त्यातल्या पाण्याच्या पातळीकडे डोळे बारीक करून बघायचे आणि पुन्हा मुरूम. जुन्या मुरमाचे थर दिसत होते. म्हणजे हा माणूस आज पहिल्यांदा आलेला नव्हता. फाल्गुनापासून, भेगा पडायला लागल्या तेव्हापासून येत होता आणि कुणाला बोलला नव्हता.

मी पोटभर रडले. इतक्या महिन्यांत तशी रडले नव्हते. काका थांबले नाहीत. त्यांच्या सळईचा ठक ठक आवाज चालूच राहिला. मला आठवलं, काकूंच्या कबरीवर ते काय बोलले होते. पण तेवढ्यानं माझं भागत नव्हतं हो! मला मुरूम नको होता, उत्तर पाहिजे होतं. म्हटलं, काका, एक शब्द तरी बोला. काहीही सांगा. खोटं सांगितलंत तरी चालेल.

“खोटं नाही सांगत, बाई,” ते म्हणाले. “मी शोधून राह्यलो.”

त्यानंतर दर रविवारी लोक उपासनेला जायचे आणि मी दफनभूमीत. काका घंटा वाजवून झाली की मागून यायचे. दगड आम्ही उतरवला आणि भिंतीला टेकवून ठेवला. सागवानी क्रूस लागला. अख्खा पावसाळा गेला, माती खचत गेली, आम्ही भरत गेलो. बोलणं जवळजवळ नाहीच. काका डब्यातला चहा प्यायचे, सायीसकट.

पुढच्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. मी शाळा सुटल्यावर जायची. सूनबाई बिचारी चमच्यानं पाणी पाजायची, तेही खाली उतरत नव्हतं. अंगाचं नुसतं चिपाड झालेलं. एका दुपारी त्यांनी सुनेला बाहेर जायची खूण केली आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही पाहिजे असेल. कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“बाई, तुमच्या पोरीचं तात्पर्य मले नाही सापडलं. लई शोधलं.” मग थोडा वेळ नुसता श्वास. “आता त्याच्याकडंच चाललो. पह्यले तेच विचारतो, काहून नेलं म्हणून. माह्या बुढीले मंग भेटीन. पह्यले हे.”

मी त्यांचा हात धरला. त्या हातात अजून फावड्याचे घट्टे होते. आयुष्यभर त्या माणसाला मी टोमणे मारले, आणि तो मरताना माझा प्रश्न गाठीला बांधून चालला होता. दोन दिवसांनी ते गेले.

त्यांची कबर खोदायला कुणालाच नीट येत नव्हतं. कुणीतरी जेसीबीचं नाव काढलं, तर हे आणि मंडळीतले आणखी चौघे कमरेला पंचे बांधून उभे राहिले. दोन कडा वाकड्या झाल्या, पण हातानं खोदली. चाळिसाव्या दिवशी त्यांचा मुलगा फरशी घेऊन टेम्पोतून आला तेव्हा मी फाटकात आडवी झाले. म्हटलं, बाबा रे, एक उन्हाळा, एक पावसाळा. तो चिडला, मग बापाचे शब्द त्यालाही आठवले असावेत. फरशी त्यानं स्नेहलच्या दगडाशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. तो दगड मी अजून बसवलेला नाही.

मी अजूनही उपासनेला जात नाही. देवाशी माझं भांडण मिटलेलं नाही, आणि मिटलं असं सांगून मी कुणाचं समाधान करणार नाही. रविवारी घंटा झाली की स्कूटीच्या पायापाशी मुरमाची पिशवी ठेवते आणि निघते. आधी काकांची माती बघते. पायाच्या बाजूनं बरीच खचली आहे, भेगही पडली आहे. मुरूम टाकते, सळईनं ठोकते. मग स्नेहलच्या बाजूला येऊन बसते. उन्हं डोक्यावर आली की उठते, पदर झटकते आणि जाता जाता काकांपाशी थांबून विचारते.

“विचारलं का, काका?”

मग थोडा वेळ उभी राहते. ते विसरले नसतील. पह्यले हे, म्हणाले होते.